उरल्यासुरल्याचं सूप दर वेळी मचूळ का होतं?

रानजाई

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसती वाचत होते, धागा आज पहिल्यांदाच काढतेय.

घरात आम्ही दोघं आणि एक शाळकरी मुलगी. आठवडा संपत आला की फ्रीजमध्ये ठरलेलं दृश्य असतं: वाटीभर भात, दोन उकडलेले बटाटे, एक मलूल गाजर, मूठभर मटार, परवा परतलेल्या भाज्यांचा उरलेला डबा, वाळत आलेला पाव. काहीच टाकवत नाही. मग मी सगळं एका पातेल्यात घालते, वर पाणी ओतते, चांगलं अर्धा तास उकळते आणि मिक्सरमधून काढते. झालं सूप.

पण दर वेळी ते मातकट हिरव्या रंगाचं आणि मचूळ होतं. मीठ वाढवलं तर खारट होतं, पण चव काही येत नाही. मिरपूड घातली तर फक्त तिखट होतं. गेल्या रविवारी मुलीने दोन चमचे खाल्ले आणि वाडगा हळूच बाजूला सरकवला. बोलली काहीच नाही, नुसता पाव खात बसली. मला फार लागलं ते. शेवटी सूप ओतूनच द्यावं लागलं. म्हणजे जे वाचवायला निघाले तेही गेलं, गॅसही गेला आणि माझा तासभरही.

नेमकं काय चुकतंय? मुद्दाम काही विकत न आणता, घरात आहे त्यातूनच, मन लावून खावंसं वाटेल असं सूप होऊ शकतं का? काय कशात घालावं आणि काय घालू नये, याला काही नियम आहे का?

जुनी_कढई

स्वागत. सूप ओतून देताना कसं वाटतं ते मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या वर्णनात एक गोष्ट लगेच दिसली. पातेल्यात गेलेला जवळजवळ प्रत्येक जिन्नस आधीच शिजलेला होता, आणि तुम्ही तो पुन्हा अर्धा तास उकळलात. शिजलेली भाजी पुन्हा उकळली की तिचा उरलासुरला वास वाफेबरोबर निघून जातो. हिरव्या भाज्यांचा रंग जास्त शिजवल्यावर शेवाळी होतोच. मिक्सरमधून फिरवलं की तो शेवाळी रंग सगळ्या सूपाचा होतो. आणि अख्ख्या पातेल्यात चव द्यायला ताजं असं काहीच नव्हतं. मीठ चव खुलवतं, पण खुलवायला मुळात काही असावं लागतं.

मी एवढंच पाळते: पाया ताजा, शिळं शेवटी.

पाया म्हणजे एक मोठा कांदा. बारीक चिरा. जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे तेल किंवा लोणी, त्यात कांदा, चिमूटभर मीठ आणि मंद आच. आता घाई करायची नाही. आधी जोरात चरचर ऐकू येते, ते कांद्यातलं पाणी बाहेर पडत असतं. पाच-सहा मिनिटांत आवाज बसतो, कांदा काचेसारखा होतो आणि डोळ्यांत जाणारा उग्रपणा कमी होतो. अजून आठ-दहा मिनिटं तसंच राहू द्या. कडा पिवळसर होतात, वास गोड यायला लागतो आणि पातेल्याच्या बुडाला तपकिरी पापुद्रा धरतो. तो करपला नाही ना, एवढं बघा. मग दोन चमचे पाणी शिंपडून लाकडी उलथन्याने बूड खरवडा. पापुद्रा लगेच सुटतो आणि पाणी मधाच्या रंगाचं होतं. सूपाची निम्मी चव त्या दोन चमच्यांत असते.

आता दोन पाकळ्या लसूण ठेचून अर्धा मिनिट परता. मग एक लिटर पाणी. कच्चं असेल ते आता घाला: तुमचं मलूल गाजर, असल्यास एखादा कच्चा बटाटा, मूठभर मसूर. पंधरा-वीस मिनिटं झाकून शिजू द्या. उकडलेले बटाटे, परतलेल्या भाज्या आणि मटार शेवटच्या पाच मिनिटांत. वाफ धरली, उकळी आली की गॅस बंद.

जिन्नस तेच, फक्त क्रम बदलायचा. एकदा करून बघा आणि इथे कळवा.

चकोर

जुनी_कढई यांच्याशी शंभर टक्के सहमत. माझी त्यात एक भर.

फ्रीज रिकामा करायचा म्हणून सगळं एकाच पातेल्यात लोटू नका. एका सूपात एकाच भाजीला बोलू द्या, बाकीच्यांनी तिला साथ द्यायची. सात-आठ चवी एकत्र मिसळल्या की एकही ओळखू येत नाही, आणि जीभ त्यालाच बेचव म्हणते. आधी ठरवा की आज हे कशाचं सूप आहे. नाव देता आलं पाहिजे. ‘भोपळ्याचं सूप’ म्हणता आलं तर बरोबर, ‘उरलेल्याचं सूप’ म्हणावं लागलं तर अजून काहीतरी वगळायला हवं.

मला जमलेल्या जोड्या सांगतो. गाजर, भोपळा, रताळं यांची एक बैठक जमते, त्यांना मसूर आणि आलं फार छान. मटार, बटाटा आणि उरलेला पालक ही दुसरी. टोमॅटो, भात किंवा शिळा पाव आणि भरपूर लसूण ही तिसरी, आणि घरात काहीच नसतं तेव्हा हीच धावून येते. मश्रूम असतील तर कांदा आणि बटाटा एवढंच पुरे, मध्ये दुसरं कुणी नको. मक्याच्या दाण्यांना बटाटा आणि दूध.

बीट घालायचं तर ते बीटचंच सूप होणार हे धरून चाला, ते सगळ्यांना रंगवून सोडतं. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली फार वेळ उकळले की गंधकाचा उग्र वास धरतात, म्हणून तेही शेवटीच आणि थोडेच.

निळी_किटली

पाण्याबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितेय. साधं पाणी चालतं, पण त्याऐवजी सालींचा अर्क वापरला तर फरक पहिल्या चमच्यात कळतो, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

फ्रीजरमध्ये एक पिशवी कायमची ठेवा. कांद्याची टोकं, गाजराची सालं आणि शेंडे, मश्रूमची देठं, मटाराच्या टरफलांतली कोवळी, कोथिंबिरीच्या काड्या, टोमॅटोचे देठाकडचे तुकडे, दाणे काढून उरलेली मक्याची कणसं. चिरतानाच पिशवीत टाकत जायचं. अर्थात भाजी सोलायच्या आधी नीट धुवायची, सालीवरची माती अर्कात उतरली तर काहीही करून जात नाही.

पिशवी भरली की मोठ्या पातेल्यात रिकामी करा. सगळं बुडून वर दोन बोटं येईल एवढं गार पाणी, चार-पाच मिरे, असेल तर एक तमालपत्र. मीठ नाही. उकळी आली की मंद आचेवर पाऊण तास, मग गाळून घ्या. त्याहून जास्त वेळ ठेवून चव वाढत नाही, उलट कडवट व्हायला लागते. कांद्याचं सुकं साल घातलं तर छान सोनेरी रंग येतो, पण मूठभराच्या वर नको, तेही कडू पडतं.

मक्याची कणसं कधी टाकू नका. नुसती कणसं आणि एक कांदा अर्धा तास उकळून बघा, किती गोड पाणी निघतं.

पिशवीत काय नको: कोबीवर्गातलं काहीही, बीट, हिरवे पडलेले किंवा मोड आलेले बटाटे आणि त्यांची सालं (त्यात सोलॅनिन नावाचं विषारी द्रव्य असतं आणि ते उकळून जात नाही). आणि सडलेलं काही नको. मलूल आणि सडलेलं यात फरक करा. मलूल गाजरातलं फक्त पाणी उडालेलं असतं, ते बिनधास्त घ्या. बुळबुळीत झालेलं, वास आलेलं किंवा बुरशी धरलेलं थेट कचऱ्यात. मऊ भाजीवरची बुरशी दिसते त्याहून आत गेलेली असते, तेवढा भाग कापून बाकीचं वापरायचा मोह टाळा.

ओंजळ

वाचनखूण साठवली. मी एक टीप देते: सूप खारट झालं तर त्यात सोललेला बटाटा टाकायचा, तो मीठ शोषून घेतो.

जुनी_कढई

ओंजळ, मीही कित्येक वर्षं हेच करत होते. पण बटाटा नुसतं मीठ वेचून घेत नाही, तो खारट पाणी शोषतो. पातेल्यात उरलेलं पाणी तेवढंच खारट राहतं. खारटपणा कमी करायचा तर बिनमिठाचं काहीतरी वाढवावं लागतं: पाणी, बिनमिठाचा अर्क, भात. बटाटा घालायचाच तर पाणीही वाढवा आणि तो कुस्करून सूपातच मिसळा, म्हणजे सूप वाढतं आणि मीठ विभागलं जातं.

मूळ उपाय एकच. उरलेल्या पदार्थांत मीठ आधीच असतं, म्हणून ते सगळे पडल्यावर चव बघायची आणि त्यानंतरच मिठाला हात लावायचा.

आणि रानजाई, मीठ पुरेसं असूनही चव सपाट वाटली तर आणखी मीठ नका घालू. गॅस बंद करून अर्धा चमचा लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घाला, ढवळा, परत चव बघा. बरेचदा कमी असतो तो आंबटपणा. फक्त डाळ किंवा कडधान्य असेल तर ते पूर्ण मऊ झाल्याशिवाय आंबट काही घालू नका, टोमॅटोसुद्धा नाही. आंबटात डाळ टणक राहते आणि शिजायला फार वेळ लागतो.

दीपमाळ

धागा सुरेख चाललाय, पण मला एका गोष्टीची काळजी वाटतेय आणि ती स्पष्ट लिहिते. रानजाई यांच्या यादीत पहिलंच नाव भाताचं आहे.

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे रात्रीचा भात ओट्यावर तसाच राहिला. सकाळी वास ठीक होता, चव ठीक होती. दुपारी मी तो सूपात घालून खळाखळा उकळला, म्हटलं उकळल्यावर काय राहतंय. जेवल्यावर दोन-तीन तासांत आम्ही चौघंही उलट्यांनी आडवे. सासऱ्यांना सलाइन लावावं लागलं. चूक माझी होती आणि ती परत कुणाच्या घरी होऊ नये म्हणून सांगतेय.

तांदळात ‘बॅसिलस सेरियस’ नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. भात शिजताना ते मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. उलटी करवणारं ते विष पुन्हा उकळून नष्ट होत नाही. म्हणून ‘उकळलं की सगळं शुद्ध’ हे खरं नाही. वासावरूनही ते कळत नाही.

त्यामुळे पाळायचं ते असं. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, फार उकाडा असेल तर एका तासात. ५ ते ६० अंश सेल्सियस या टप्प्यात जिवाणू सर्वांत जोरात वाढतात, तिथे अन्न रेंगाळू द्यायचं नाही. फ्रीज ४ अंशांवर किंवा खाली. उरलेलं अन्न तीन-चार दिवसांत संपवायचं, आणि गरम करताना ते आतपर्यंत ७४ अंशांवर जायला हवं. सूपासाठी याचा अर्थ सोपा आहे: कडेला बुडबुडे आले म्हणून थांबायचं नाही, ढवळत ढवळत मधोमध उकळी फुटेपर्यंत.

आणखी एक, जे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सूप केलं म्हणून दिवस नव्याने मोजायचे नसतात. भाजी सोमवारी शिजवली आणि बुधवारी सूपात घातली, तर त्या सूपाचं वय सोमवारपासून धरायचं.

पळीभर

दीपमाळ, तुमच्या घरी जे झालं ते वाईटच. पण इतकं मोजूनमापून कोण जगतं? आमच्याकडे सूपाचं मोठं पातेलं रात्रभर ओट्यावरच गार होतं आणि सकाळी फ्रीजमध्ये जातं. गरम पातेलं आत ठेवलं तर फ्रीज बिघडतो असंच ऐकत आलो. इतक्या वर्षांत काही झालेलं नाही.

दीपमाळ

पळीभर, आमच्याकडेही त्या दिवसापर्यंत काही झालेलं नव्हतं, म्हणूनच कळकळीने लिहितेय. मोठं पातेलं बाहेरून गार लागलं तरी मधोमध तासन् तास कोमट असतं, आणि मांसाच्या सूपात तर वेगळेच जिवाणू त्याच उबेची वाट बघत असतात.

फ्रीजचा तुमचा मुद्दा मात्र अर्धा बरोबर आहे. उकळतं मोठं पातेलं तसंच आत ठेवलं तर शेजारचं दूध आणि बाकी अन्न तापतं. म्हणून आधी सूप दोन-तीन उथळ डब्यांत काढायचं, थर दोन इंचांपेक्षा जाड नको. घाई असेल तर सिंकमध्ये गार पाणी भरून त्यात डबे ठेवून ढवळायचं, बर्फ असेल तर उत्तम. वीस-पंचवीस मिनिटांत वाफ जाते आणि कोमट डबे फ्रीजमध्ये ठेवायला हरकत नसते. बोटांनी मोजता येईल एवढंच काम आहे हो.

राजम्याबद्दलही आत्ताच सांगून टाकते, कारण काटकसरीच्या सूपात तो हमखास येतो. कच्च्या राजम्यात एक विषारी लेक्टिन असतं. कमीत कमी पाच तास भिजवा, ते पाणी फेका आणि नव्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळा. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात (स्लो कुकर) थेट कच्चा राजमा शिजवू नका. तिथे तापमान पुरेसं चढत नाही, आणि अर्धवट तापलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त त्रास देऊ शकतो.

पळीभर

पटलं. आजपासून उथळ डबे. भाताचं तर मला अजिबात माहीत नव्हतं. धन्यवाद, मनापासून.

पाणकणीस

मांसाहार करणाऱ्यांसाठी थोडं. कोंबडी भाजली की उरलेला सांगाडा टाकू नका. मांस ओरबाडून वेगळं ठेवा, ते सूपात शेवटी घालायचं (पुन्हा तेच, शिळं शेवटी). हाडं गार पाण्यात घाला, एक कांदा, एक गाजर, आणि अगदी मंद आचेवर तीन तास. पाणी खळखळू द्यायचं नाही, अधूनमधून एखादा बुडबुडा वर आला पाहिजे. जोरात उकळलं की चरबी पाण्यात घुसळली जाते आणि सूप गढूळ होतं. सुरुवातीला वर येणारा करडा फेस पळीने काढून टाका.

हाडांच्या सांध्यांतलं कोलाजेन हळूहळू विरघळून त्याचं जिलेटिन होतं. जमलं की नाही याची खूण दुसऱ्या दिवशी मिळते. फ्रीजमधला अर्क डबा हलवल्यावर जेलीसारखा थरथरला पाहिजे. वर पांढरी चरबी साय धरल्यासारखी जमते, ती चमच्याने अखंड निघते. ती फेकू नका, पुढच्या सूपाचा कांदा तिच्यात परता.

तीन तास गॅस जाळणं परवडत नसेल तर प्रेशर कुकर. आत पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापतं, म्हणून पाऊण तासात काम होतं. हाडांसाठी कुकर वापरणं ही काही नवी कल्पना नाही. मुळात कुकरचा पूर्वजच हाडं मऊ करायला जन्माला आला. फ्रेंच शास्त्रज्ञ देनी पापँ यांनी १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे घट्ट झाकणाचं भांडं दाखवलं होतं, ते त्यासाठीच. वाफेचा दाब सोडणारी झडपही त्यांनीच त्याला बसवली. कुकर दोन-तृतीयांशाच्या वर भरू नका, एवढंच.

रानजाई

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! दीपमाळ, तुमचा प्रतिसाद वाचून मी उठून भाताचा डबा बघितला. तो कधीचा ते आठवेना, म्हणून टाकला. वाईट वाटलं, पण टाकला. आता डब्यांवर दिवस लिहून ठेवणार.

आम्ही शाकाहारी आहोत. हाडांच्या अर्काला जी खोल, भरलेली चव येते ती भाज्यांतून आणता येईल का?

चकोर

येईल. त्या चवीला ‘उमामी’ म्हणतात. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये समुद्री शैवालाच्या अर्कातून ही चव देणारं द्रव्य, ग्लुटामेट, वेगळं काढलं आणि चवीला हे नाव दिलं. म्हणजे तिचा शोधच मुळात शाकाहारी वस्तूत लागला! टोमॅटोत ग्लुटामेट भरपूर असतं, मश्रूममध्ये असतं, मुरवलेल्या चीजमध्ये असतं.

घरच्या घरी सर्वांत सोपा मार्ग टोमॅटोचा. कांदा झाला की पातेल्याच्या मध्ये जागा करून एक चमचा टोमॅटोची पेस्ट, नसेल तर एक मऊ पडलेला टोमॅटो किसून घाला, आणि तो लालभडकचा विटकरी होईपर्यंत परता. तेल सुटायला लागतं तिथे थांबा. मग पाणी. सूप टोमॅटोचं नसलं तरी चालतं, एवढ्याने आंबटपणा येत नाही, चवीला बूड येतं. (मसूर घालणार असाल तर मात्र जुनी_कढई म्हणाल्या तसं, टोमॅटो डाळ शिजल्यावर.) कडक चीजची सुकलेली कड उरली असेल तर ती सूपात तशीच वीस मिनिटं ठेवा आणि वाढताना काढून टाका.

आता मिक्सरबद्दल. सगळं सूप वाटू नका. निम्मं वाटा, निम्मं तसंच ठेवा, म्हणजे घट्टपणाही येतो आणि दाताखाली काहीतरी लागतं. लहान मुलांना नेमका तो एकसारखा लगदा आवडत नाही, तुमच्या मुलीचंही तेच असेल कदाचित. आणि बटाटा तर मिक्सरमध्ये घालूच नका. त्यातला स्टार्च सुटून सूप खळीसारखं चिकट होतं. पळीच्या पाठीने कुस्करा, पुरे. पाव घट्टपणासाठी घालणार असाल तर कडा काढून, मऊ भाग गरम सूपात पाच मिनिटं भिजवून घोटा. कडांचे तुकडे तेलात कुरकुरीत करा आणि वाढताना वरून घाला.

ओंजळ

मिक्सरचा विषय निघालाच आहे तर माझा अनुभव. गरम सूप भांड्यात काठोकाठ भरलं, झाकण घट्ट लावलं आणि बटण दाबलं. वाफेने झाकण उडालं आणि मनगटापासून कोपरापर्यंत भाजलं. डाग अजून आहे. सूप दहा मिनिटं निवू द्या, भांडं निम्म्याच्या वर भरू नका, झाकणाच्या मधली टोपी काढून त्यावर जाड फडकं धरा आणि सर्वांत कमी वेगावर सुरू करा. घाईत असाल तर वाटूच नका, कुस्करलेलं सूप काही वाईट लागत नाही.

आणि एक प्रश्न: टोमॅटो असलेल्या सूपात दूध घातलं की फाटतं. काय करायचं?

जुनी_कढई

आंबट आणि उष्णता एकत्र आले की दुधातलं प्रथिन गोळा होतं. दोन गोष्टी करा. वाटीभर थंड दुधात एक सपाट चमचा कॉर्नफ्लोअर कालवून ते वेगळं मंद आचेवर ढवळत जरा घट्ट करून घ्या. मग सूपाचा गॅस बंद करून ते दूध बारीक धारेने घाला, ढवळत राहा आणि पुन्हा उकळी आणू नका. साय किंवा क्रीम असेल तर त्याहून सोपं, स्निग्धांश जास्त म्हणून ते सहसा फाटत नाही.

रानजाई

रविवार झाला, सांगायला आलेय.

फ्रीजमध्ये होतं ते: भाजलेल्या भोपळ्याचे उरलेले तुकडे (शुक्रवारचे), दोन गाजरं, अर्धी वाटी मटार, कालच्या पावाचे चार काप. चकोर यांच्या सांगण्याप्रमाणे आधी नाव ठरवलं, भोपळा-मसूर. मटार मागे ठेवले, आणि ते मागे ठेवणंच सर्वांत अवघड गेलं. हात सारखा तिकडे जात होता.

कांद्याला घड्याळ लावून पंधरा मिनिटं दिली. एरवी मी चार मिनिटांतच पाणी ओतायचे. बाराव्या मिनिटाला वास बदलला, खरंच गोड झाला. बुडाचा पापुद्रा खरवडला तेव्हा पाणी अगदी लिहिलं होतं तसंच मधाच्या रंगाचं. मग आलं, लसूण, गाजरं, अर्धी वाटी मसूर आणि एक लिटर पाणी. अठरा मिनिटांत मसूर मऊ. भोपळा शेवटी, पाच मिनिटं. वाटलं काहीच नाही, पळीने कुस्करलं. चव बघितली तर छान, पण थोडी सपाट. मिठाकडे गेलेला हात मागे घेतला आणि अर्ध्या लिंबाचा रस पिळला. अहो, तेच सूप एकदम उघडलं. मी दोनदा चमचा घातला खात्री करायला.

रंग केशरी. वर पावाच्या कडा कुरकुरीत करून. मुलीने आधी नुसते पावाचे तुकडे वेचून खाल्ले, मग सूप, मग वाडगा पुढे केला आणि विचारलं, “यात काय काय आहे?” मी एकेक सांगितलं. तिला वाटलं आज भोपळा मुद्दाम आणला.

आता बरंच उरलंय. फ्रीजरमध्ये ठेवलं तर चालेल ना? किती दिवस?

निळी_किटली

वा! वाचून फार बरं वाटलं.

भोपळा-मसूर फ्रीजरला उत्तम. उणे १८ अंशांवर दोन-तीन महिने चव चांगली राहते. भोपळा शुक्रवारचा आहे, म्हणून उद्यावर ढकलू नका, आजच ठेवा. डबा वरपर्यंत भरू नका, पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, म्हणून दोन सेंटिमीटर जागा सोडा. काचेच्या बरणीत तर हे विसरूच नका, तडकते. एका वेळी लागेल तेवढेच छोटे डबे करा, एकदा वितळलेलं पुन्हा गोठवण्यापेक्षा ते सोपं. वितळवायचं ते फ्रीजमध्ये रात्रभर, ओट्यावर नाही. किंवा थेट पातेल्यात, थोडं पाणी घालून मंद आचेवर.

बटाट्याचे तुकडे असलेलं सूप गोठवलं तर बटाटा रवाळ होतो, दूध घातलेलं फुटल्यासारखं दिसतं. म्हणून दूध वितळवल्यावर घाला. भात, पास्ता किंवा नूडल्सही सूपात घालून ठेवू नका, रात्रभरात सगळं पाणी पिऊन लगदा होतो. वेगळे शिजवायचे आणि वाडग्यात घालून वर सूप ओतायचं.

रानजाई

तीन डबे झाले. वर चिकटपट्टी लावून लिहिलं: भोपळा-मसूर, भोपळा शुक्रवारचा, सूप रविवारचं. मुलीने शेजारी केशरी रंगाने एक भोपळाही काढून ठेवलाय.

मटार अजून तसेच आहेत, शनिवारचे. उद्या त्यांचं सूप, बटाटा आणि पालकाबरोबर. आणि फ्रीजरमध्ये पिशवी सुरू केली आहे. सध्या तिच्यात गाजराची सालं, कांद्याची दोन टोकं आणि शेजारणीकडून मागून आणलेली मक्याची चार कणसं आहेत.